मांदेली, सराफी काटा आणि तीनचा घात

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

कॉलेजच्या प्रकल्पाचा विषय पक्का झाला. लहान समुद्री माशांमधला लांबी आणि वजनाचा संबंध. मॅडमनी तीन नावं सुचवली होती: तारली, बांगडा, मांदेली. बांगडा मोठा आणि महाग. तारली नाशकात वर्षभर मिळेल याचा भरवसा नाही. उरली मांदेली. पाव किलोत वीस-पंचवीस नग बसतात, विकताना कोणी पोट साफ करत नाही, त्यामुळे अख्खा मासा हाती लागतो. शास्त्रीय नाव कॉयलिया दुसुमिएरी. भारताच्या वायव्य किनाऱ्यावर, म्हणजे महाराष्ट्र-गुजरातेत हा मासा भरपूर मिळतो. पोटाच्या बाजूने सोनेरी ठिपक्यांच्या ओळी असतात, शिळ्या मांदेलीतही त्या थोड्याफार दिसतात.

समुद्रापासून शंभरहून जास्त किलोमीटर आत आणि सहाशे मीटर वर बसून समुद्री मासे मोजायचे, यावर घरात बरंच हसू झालं. आजीने आधीच सांगून ठेवलंय की तिचा चातुर्मास चालू आहे. चंपाषष्ठीपर्यंत घरात मासा आला तर मासा आणि मी, दोघंही गॅलरीत.

प्रश्न साधा आहे. मासा लांबीला दुप्पट झाला आणि आकार तोच राहिला, तर तो रुंदीलाही दुप्पट आणि जाडीलाही दुप्पट, म्हणजे वजनाला आठपट. याला घनाचा नियम म्हणतात. सूत्र असं: वजन = अ गुणिले लांबीचा ब-वा घात. मॅडम ए आणि बी म्हणतात, मी वहीत अ आणि ब लिहिते. ब नेमका तीन असेल तर मासा वाढताना आकार बदलत नाही. तीनपेक्षा जास्त असेल तर मोठेपणी गुटगुटीत होतो, कमी असेल तर सडपातळ. मला मांदेलीचा ब काढायचा आहे. एवढंच.

२४ सप्टेंबर

एवढंच नाही. घरातला (म्हणजे मैत्रिणीच्या घरातला, सिडकोत) स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या पटीत दाखवतो. मांदेली दहा-अकरा ग्रॅमची. लहान असेल तर तीन ग्रॅमची. तीन ग्रॅमच्या माशावर अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे सहावा हिस्सा. कॉलेजचा चांगला काटा प्रयोगशाळेबाहेर नेता येत नाही, आणि मासळी प्रयोगशाळेत आणली तर शिपाईकाका आम्हाला बाहेर काढतील.

२९ सप्टेंबर, रविवार

सराफ बाजारात काकांच्या पेढीवर गेले. त्यांच्याकडे एक जुना इलेक्ट्रॉनिक काटा पडून आहे, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, तीनशे ग्रॅमची मर्यादा. बॅटरीवर चालतो. सोन्याच्या काट्यावर मासळी म्हटल्यावर काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अगं, पण आमच्याकडे मासा होताच की! आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. तुझा मासा किती मासे भरतो ते सांग मग."

तिथेच हिशेब केला. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे मासा ०.९७ ग्रॅमचा. ठाकठीक वाढलेली मांदेली साधारण अकरा मासे भरते, तोळ्याला थोडी कमी. काकांना हे फार आवडलं. दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांनाही ऐकवून झालं. काटा दिला, सोबत शंभर ग्रॅमचं वजन दिलं, आणि अट घातली: परत येताना काट्याला वास आला तर तो माझ्या लग्नाच्या दागिन्यांसाठी राखून ठेवणार.

६ ऑक्टोबर, रविवार

पहिला नमुना. नवरात्र चालू, त्यामुळे जुन्या नाशकातल्या मासळी बाजारात गर्दी नाही. मासळीवाल्या मावशी निवांत होत्या. त्यांचा माल मुंबईहून रात्री गाडीने कसारा घाट चढून येतो, बर्फात. मी साठ नग निवडून घ्यायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "निवडू नको, वरचा ढीग घे, सगळी एकसारखीच आहे." एकसारखी आहे हे मला तेव्हा सोयीचं वाटलं होतं.

पद्धत लिहून ठेवते, नंतर विसरायला होतं:

लाकडी पाटाच्या एका टोकाला उभी पट्टी ठोकली. माशाचं तोंड मिटवून नाक तिला टेकवायचं, शेपूट सरळ करायचं, खाली चिकटवलेल्या मापपट्टीवर मिलिमीटरपर्यंत वाचायचं. नाकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत, म्हणजे एकूण लांबी. बांगड्यासारख्या माशांत शेपटीच्या खाचेपर्यंतचीही लांबी घेतात, पण मांदेलीच्या शेपटीला तशी खाच नसते. तिचं शरीर मागे निमुळतं होत होत सुरीच्या टोकासारखं संपतं आणि पोटाखालचा लांब पर थेट शेपटीला जाऊन मिळतो. मग टिपकागदावर दोन्ही बाजूंनी टिपून काट्यावर. काट्यावर प्लॅस्टिकची ताटली, दर पाच माशांनंतर ती पुसून पुन्हा शून्य. प्रत्येक माशाचा ग्राफपेपरवर ठेवून फोटो, शेजारी क्रमांकाची चिठ्ठी.

साठ मासे, साडेतीन तास. लांबी १३.५ ते १६.५ सेंमी. मैत्रिणीच्या आईने उरलेल्या सगळ्या रवा लावून तळल्या. क्रमांक ४१ मी खाल्ली, हे नोंदीत असावं.

९ ऑक्टोबर

दोन्ही आकड्यांचे लॉगॅरिदम (लॉग) घेतले की वाकडा आलेख सरळ रेषेत येतो, आणि त्या रेषेचा उतार म्हणजेच ब. एक्सेलमध्ये टाकलं. ब = २.४२. पंचाण्णव टक्क्यांची मर्यादा, म्हणजे खरा ब बहुधा ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल ते, २.०१ ते २.८३. तीन त्या मर्यादेत बसतच नाही!

म्हणजे मांदेली वाढताना सडपातळ होते. निमुळतं शरीर पाहता पटण्यासारखंही आहे. निष्कर्षाचं पान आत्ताच लिहून टाकलं, दीड पान झालं.

१४ ऑक्टोबर

मॅडमनी दीड पानावर पेन्सिलीने एक उभी रेघ मारली. रागाने नाही, चहा पिता पिता.

त्यांचं म्हणणं जमेल तसं लिहून ठेवते. पहिलं: माशांच्या बहुतेक जातींमध्ये ब अडीच ते साडेतीनच्या मध्ये येतो. रायनर फ्रोजे यांनी २००६ साली सतराशेहून जास्त जातींची आकडेवारी एकत्र करून हे दाखवलं, आणि त्यातही बहुतेक आकडे तीनच्या आसपासच गोळा होतात. म्हणून २.४२ दिसलं की आधी माशावर नाही, मोजणाऱ्यावर संशय घ्यायचा. दुसरं: माझे सगळे मासे तीन सेंटीमीटरच्या पट्ट्यात आहेत. एकाच वर्गातल्या मुलांची उंची-वजनं घेऊन माणूस बाळापासून म्हातारपणापर्यंत कसा वाढतो ते सांगायला बसल्यासारखं ते आहे. नमुन्यात मासे किती, यापेक्षा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या माशात अंतर किती, हे महत्त्वाचं. तिसरं त्यांनी विचारलं, सांगितलं नाही: "शेपट्या बघितल्या होत्यास का?"

शेपट्या मी मोजल्या होत्या. बघितल्या होत्या की नाही, ते आठवेना.

जाताना त्यांनी थोडा इतिहासही सांगितला. फुल्टनने १९०४ मध्ये माशाचं वजन भागिले लांबीचा घन, असा तब्येतीचा निर्देशांक वापरला. त्यात गृहीत धरलेलं असतं की ब तीनच. मग १९५१ मध्ये ले क्रेनने इंग्लंडातल्या विंडरमीअर तळ्यातल्या पर्च माशांवर काम करताना म्हटलं की गृहीत कशाला धरायचं, त्या जातीचा स्वतःचा ब काढा आणि मासा आपल्या जातीच्या अपेक्षित वजनापेक्षा किती भारी-हलका आहे ते पाहा. सत्तर वर्षं झाली तरी लोक अजून फुल्टनचा निर्देशांक डोळे मिटून लावतात, असं मॅडम म्हणाल्या आणि मला उगाच आपल्याकडे पाहतायत असं वाटलं.

१६ ऑक्टोबर

फोटोंनी वाचवलं. मोबाइलवर एकेक मोठा करून पाहिला. साठपैकी तेवीस मांदेलींच्या शेपटीचं टोक तुटलेलं. कुठे चार मिलिमीटर, कुठे सेंटीमीटरभर. ते टोक इतकं बारीक की ढिगात, बर्फात, फावड्याखाली ते राहणारच नाही, आणि तुटलं तरी वजनात काही फरक पडत नाही. वजन खरं, लांबी खोटी.

यावर संध्याकाळ गेली. चुकीने ठिपके इकडेतिकडे विखुरतील, पण उतार का कमी व्हावा? मग समजलं. चूक वजनात असती तर ठिपके रेषेच्या वर-खाली गेले असते आणि उतार सरासरीने तोच राहिला असता. पण चूक लांबीत आहे, म्हणजे ठिपके आडवे पसरतात. आडवे पसरले की तेवढ्याच वजनफरकासाठी लांबीचा फरक उगाचच जास्त दिसतो आणि रेषा झोपते. त्यात माझा पट्टा मुळात तीन सेंटीमीटरचा, त्यात अर्ध्या सेंटीमीटरची चूक म्हणजे पट्ट्याच्या सहाव्या हिस्स्याची. पट्टा बारा सेंटीमीटरचा असता तर तीच चूक किरकोळ ठरली असती.

तुटक्या तेवीस काढून टाकल्या. उरलेल्या सदतिसांचा ब = २.७३, मर्यादा २.२४ ते ३.२२. आता तीन आत बसला. पण अडीचही बसतो आणि सव्वातीनच्या जवळचंही काही बसतं. म्हणजे एक महिन्याच्या कामानंतर मला मांदेलीबद्दल काहीच ठाऊक नाही, फक्त ते आता प्रामाणिकपणे ठाऊक नाही.

दीड पान फाडलं नाही. वहीत ठेवलंय.

२० ऑक्टोबर, रविवार

आज बारा अखंड शेपटीच्या मांदेलींवर वेगळा प्रयोग. मावशी मासे बर्फाच्या पाण्यात ठेवतात, विकताना निथळून देतात. पाणी माशात किती मुरतं?

काल संध्याकाळी बाराही टिपून तोलल्या: एकूण १३१.४ ग्रॅम. रात्रभर डब्यात बर्फ आणि वितळलेलं पाणी, त्यात बुडवून. सकाळी पुन्हा टिपून: १३५.३. तीन टक्के वाढ, जवळजवळ.

याचं काय करायचं ते नीट विचार करून लिहिलं, कारण इथे घाई केली की पुन्हा पेन्सिलीची रेघ. सगळेच मासे तीन टक्के भिजले असतील तर काय होईल? प्रत्येक वजन १.०३ पट. लॉग घेतल्यावर गुणाकाराची बेरीज होते, सगळी रेषा उचलून थोडी वर ठेवल्यासारखी होते. उतार तोच. अ बदलेल, ब नाही. लांबी सेंटीमीटरऐवजी मिलिमीटरमध्ये घेतली तरी असंच होतं: ब हलत नाही, अ मात्र शेकडो पटींनी लहान होतो. (म्हणूनच दोन ठिकाणचे अ शेजारी ठेवताना आधी एकक पाहावं लागतं. फिशबेस या माशांच्या माहितीच्या संकेतस्थळावर एकाच माशाचे किती तरी आकडे शेजारी शेजारी दिसतात, तिथे हे लक्षात ठेवायचं.)

पण लहान मासा मोठ्यापेक्षा जास्त भिजत असेल तर? लहान अंगाला वजनाच्या मानाने कातडी जास्त असते. मग लहान मासे जास्त फुगतील, रेषेचं डावं टोक वर उचललं जाईल आणि ब कमी येईल. माझ्या बारा मांदेली सगळ्या मोठ्या, त्यामुळे हे त्यांच्यावरून तपासता येत नाही.

तात्पुरतं असं ठरवलं की पाणी हा अ चा प्रश्न आहे, ब चा नाही. निर्धास्त झाले.

२८ ऑक्टोबर

वसुबारस. काम बंद. फराळाला बसवलंय, चकलीचा सोऱ्या माझ्याकडे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

लहान मांदेली नाशकात येतच नाही हे आता पक्कं समजलंय. मावशींनी स्पष्ट सांगितलं: "बारकी कोण घाट चढवून आणेल? गाडीभाडं सुटत नाही." किनाऱ्यावरच निवड होते, बरी मांदेली शहरांकडे निघते, बारकी जवळ्याच्या ढिगात मिसळून सुकायला पडते. माझा तीन सेंटीमीटरचा पट्टा माशाने नाही, व्यापाऱ्याने ठरवलेला होता.

म्हणून अर्नाळा. वर्गातल्या एका मुलीची मावशी तिथली. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी, दादरला उतरून विरार लोकल, पुढे बस. काटा मांडीवर, गोधडीत गुंडाळलेला. दिवस मुद्दाम निवडलाय: काल त्रिपुरी पौर्णिमा झाली, उधाण आहे. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवरच चालतं. शंकूच्या आकाराची भलीमोठी पिशवी, तोंड प्रवाहाकडे करून समुद्रात एका जागी रोवून ठेवलेली. प्रवाह आणील ते आत. उधाणाला ओढ जोरात, भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) मंद, त्यामुळे भांगाच्या दिवसांत गेले असते तर हात हलवत परत यावं लागलं असतं. आणि पिशवीच्या शेपटाकडची वीण इतकी बारीक असते की जवळाही अडकतो. म्हणजे बारकी मांदेलीही. मासेमारीच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट नाही, पोरवयातला मासा मारला जातो. माझ्या आलेखाला मात्र तेच हवंय. हे लिहिताना जरा चोरट्यासारखं वाटलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहाटे बंदरावर. होड्या लागल्या, पाट्या उतरल्या. बायका इतक्या वेगाने निवडतात की हात दिसत नाहीत: बोंबील एकीकडे, मांदेली एकीकडे, कोळंबी एकीकडे, वाकट्या एकीकडे, उरलेलं सुकवायला. वर्गातल्या त्या मुलीच्या मावशीने एक पाटी न निवडता मला दिली.

"काय गो, एवढ्याशा मांदेलीचं काय मोजतेस? आम्ही टोपलीनं मोजतो."

सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "लहान मांदेली नि मोठी मांदेली, रूप एकच. फक्त मोठीत गाबोळी असली तर पोट सुटतं." हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवलं. माझा सगळा प्रकल्प त्यात आहे: आकार तोच राहतो म्हणजे ब तीन, अंडी धरली की थोडा वर.

उघड्यावर काटा चालेना. समुद्राचा वारा ताटलीवर नुसता फिरला तरी आकडे नाचतात, सराफाच्या काट्याला श्वासही लागतो. शेवटी मावशींच्या पडवीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात काटा ठेवून, एका बाजूने हात घालून तोललं. काकांच्या शंभर ग्रॅमच्या वजनाने आधी जुळवून घेतलं. नाशिक ते समुद्रसपाटी, सहाशे मीटरच्या फरकाने गुरुत्वाकर्षण बदलतं ते टक्क्याच्या पन्नासाव्या भागाएवढं, दहा ग्रॅमच्या माशावर काट्याला ते दिसणारही नाही. तरी जुळवलं. शास्त्राचं म्हणून काहीतरी केल्यासारखं वाटलं.

या वेळी ढीग उचलला नाही. सहा ते अठरा सेंटीमीटर असे बारा गट पाडले आणि दर गटात सात मासे. ८४. शेपटीचं टोक शाबूत असेल तरच घ्यायचा. मधले गट पाच मिनिटांत भरले, सहा-सात सेंटीमीटरच्या मांदेलींसाठी जवळ्याचा ढीग तासभर चिवडला. सतराच्या पुढच्यांसाठी मावशींनी शेजारच्या दोन पाट्या मागून आणल्या. सर्वांत लहान ६.१ सेंमी, ०.६९ ग्रॅम. सर्वांत मोठी १७.९ सेंमी, १८ ग्रॅमच्या वर. एकीत एक मासासुद्धा नाही, दुसरीत दीड तोळा. काकांना फोन करून सांगितलं.

बर्फ नाही, पाण्यात बुडवणं नाही. जाळ्यातून आलेला मासा, टिपून, काट्यावर. मांदेली इतकी सोनेरी असते हे मला माहीत नव्हतं. नाशकात येईपर्यंत निम्मा रंग घाटात सांडतो.

बाहेर सुकवायच्या वलांडीवर बोंबील, खाली जवळा पसरलेला. जेवायला ताजा बोंबील. आजीला सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर

काल मतदानाची सुट्टी होती, सगळे आकडे संगणकात भरले. आलेख काढला तर एक ठिपका छताला टेकलेला. बारा सेंटीमीटरची मांदेली ५३.१ ग्रॅम. वहीत ५.३१ आहे, भरताना दशांशचिन्ह सरकलं. आधी ठिपके पाहायचे, मग रेषा काढायची. मॅडम हे पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

नाशकातून आणखी ४० घेतल्या, सगळ्या अखंड शेपटीच्या. यासाठी मावशींचे तीन ढीग उलथेपालथे केले. त्या आता मला "शेपटीवाली" म्हणतात.

१ डिसेंबर

एकूण १६१: ऑक्टोबरच्या ३७, अर्नाळ्याच्या ८४, नोव्हेंबरच्या ४०. सरळ रेषा, सुंदर, ठिपके दोरीला ओवल्यासारखे. ब = ३.०८, मर्यादा ३.०२ ते ३.१४. अ = ०.००२६, लांबी सेंटीमीटर आणि वजन ग्रॅममध्ये.

तीन पुन्हा मर्यादेबाहेर, पण आता दुसऱ्या बाजूने! तिप्पट लांब मांदेली सत्तावीसपट नाही, साडेएकोणतीसपट जड. मोठेपणी गुटगुटीत. अर्नाळ्याच्या मावशींची गाबोळी आठवली, अगदी जुळतंय.

या वेळी निष्कर्ष लिहिला नाही. फोनवर मॅडमना आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "लहान मासे कुठले?"

४ डिसेंबर

लहान मासे सगळे अर्नाळ्याचे. मोठे मासे बहुतेक नाशकाचे.

अर्नाळ्याचे कोरडे. नाशकाचे भिजलेले.

२० ऑक्टोबरला मी लिहिलं होतं की पाणी हा अ चा प्रश्न आहे. तेव्हा ते बरोबर होतं, कारण तेव्हा सगळे मासे भिजलेलेच होते. आता मी कोरड्या लहान माशांना भिजलेल्या मोठ्या माशांच्या रेषेत ओवलं, म्हणजे रेषेचं उजवं टोक पाण्याने उचललं. हिशेब केला: तीन टक्के पाणी आणि दोन नमुन्यांच्या सरासरी लांबीतला फरक एवढ्यानेच ब काही शतांशांनी वाढतो. माझी "गुटगुटीत होते" ही सगळी बातमी ०.०८ ची.

फक्त अर्नाळ्याच्या ८४ माशांचा ब काढला: ३.०३, मर्यादा २.९६ ते ३.१०. तीन आत.

मग दुपारी वाटलं, नाशकाच्या सगळ्या वजनांना १.०३ ने भागून टाकावं. मॅडम नको म्हणाल्या. बारा माशांवर एका रात्रीत आलेला आकडा, तो दोन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तासांपुरत्या बर्फात राहिलेल्या माशांना लावायचा नाही. त्याऐवजी दोन ठिकाणांना दोन वेगळे अ द्यायचे आणि ब एकच ठेवायचा, म्हणजे दोन समांतर रेषा. ते केलं. ब = ३.०२. आणि त्याच लांबीला नाशकाची मांदेली अर्नाळ्याच्या मांदेलीपेक्षा चार टक्के जड. त्यातले तीन पाण्याचे म्हणता येतील. उरलेला एक पाण्याचाच, की महिन्याच्या फरकाचा, की गाबोळीचा, ते माझ्या आकड्यांतून सुटत नाही, कारण मी एकाही माशाचं पोट उघडून नर-मादी पाहिलं नाही. ही उणीव अहवालात स्वतंत्र परिच्छेदात जाईल. मैत्रिणीच्या आईने उघडलेली सगळी पोटं कढईत गेली.

गंमत म्हणजे नाशिककर तीन टक्के जास्त पैसे मोजून गोड पाणी विकत घेतात. हे मात्र अहवालात नाही.

६ डिसेंबर

तक्ता तयार. चार ओळी: साठ मासे जसे मोजले तसे, सदतीस अखंड शेपटीचे, अर्नाळा एकटं, आणि दोन समांतर रेषा. २.४२, २.७३, ३.०३, ३.०२. मॅडमनी विचारलं पहिली ओळ ठेवायची का. ठेवायची. तिच्याशेजारच्या रकान्यात "शेपूट" असा एकच शब्द लिहिलाय. १६१ माशांचा ३.०८ तळटीपेत, "पाणी".

८ डिसेंबर, रविवार

काल चंपाषष्ठी झाली. वांग्याचं भरीत आणि रोडगे झाले, आजीचा चातुर्मास सुटला. आज तिने स्वतःहून विचारलं, त्या तुझ्या मांदेलीचं काय झालं. सांगितलं की लहान-मोठी, रूप एकच निघालं. "मग अडीच महिने काय करत होतीस?" म्हणाली, आणि पाव किलो आणायला पाठवलं.

मावशींनी ढिगातली पुढे सारली. निथळून घेतली, दोनदा.

जाता जाता सराफ बाजारात काटा परत केला. स्पिरिटने पुसला होता, लिंबू चोळलं होतं, दोन दिवस उन्हात ठेवला होता. काकांनी ताटली नाकाशी नेली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मागच्या फळीवर, गिऱ्हाइकांपासून लांब ठेवून दिला.